सास्काचेवानमधला पहिला उन्हाळा: प्रांतिक उद्यानं आणि राखीव माळरानं कशी बघायची

कॅनडाच्या सास्काचेवान प्रांतात, रिजायना किंवा सास्काटूनला, नव्यानं आलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्या महिनाभरातच कोणीतरी सांगतं, "इथे काय बघायचंय? सुट्टी मिळाली की सरळ बॅन्फ गाठा." रिजायनाहून रॉकी पर्वतातलं बॅन्फ म्हणजे एका बाजूनं पावणेनऊशे किलोमीटर. जा जरूर, पण पहिल्याच उन्हाळ्यात नको. डोंगर दुरूनच दिसतो, तो बघायला शिकावं लागत नाही. माळाचं तसं नाही. सोलापूरकडच्या वाचकांना हे लगेच पटेल. नान्नजच्या माळढोक अभयारण्याशेजारून गाडी नेली तर नुसतं वाळकं गवत दिसतं. उतरून तासभर गप्प बसलं की काळवीट, चंडोल आणि नशीब असेल तर लांडगाही दिसतो. सास्काचेवानचा दक्षिण भाग असाच आहे. मूळचं, नांगर न लागलेलं गवताळ रान इथे आता एक पंचमांशाहूनही कमी उरलंय, आणि त्यातलं बरंचसं बघायला कुठे जायचं हे माहीत असावं लागतं.

म्हणून हा क्रम सुचवतो: आधी घराजवळची दरी, मग सायप्रस हिल्स, मग खरं माळरान, आणि उत्तरेकडचं जंगल सगळ्यात शेवटी.

१. पाटी कोणाची आहे ते आधी बघा

इथे "पार्क" म्हटलं की तीन वेगवेगळे मालक असू शकतात. ग्रासलँड्स आणि प्रिन्स अल्बर्ट ही दोन राष्ट्रीय उद्यानं; ती केंद्राची, म्हणजे पार्क्स कॅनडाची. प्रांतिक उद्यानं ३५च्या वर आहेत आणि ती सास्काचेवान सरकारची. तिसरी रीजनल पार्क्स, गावं आणि नगरपालिका मिळून चालवतात ती: छोटा तलाव, गोल्फचं मैदान, थोड्या कॅम्पसाइट्स, बहुतेकदा एखादा चांगला बर्गर मिळणारा टपरीवजा काउंटर. तिघांचे पैसे वेगळे, नियम वेगळे. प्रांताचा पास राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावर चालत नाही आणि पार्क्स कॅनडाचा डिस्कव्हरी पास प्रांतात चालत नाही. पहिल्या वर्षी हा गोंधळ जवळजवळ प्रत्येकाचा होतो.

प्रांतिक उद्यानांचा जन्म एका कायदेशीर हस्तांतरणातून झाला. १९३० साली केंद्रानं जमीन आणि नैसर्गिक साधनसंपत्तीचा ताबा प्रेअरी, म्हणजे माळरानाच्या, प्रांतांकडे दिला आणि पुढच्याच वर्षी, १९३१ मध्ये, सास्काचेवाननं पहिली सहा उद्यानं जाहीर केली. सायप्रस हिल्स, मूस माउंटन, डक माउंटन आणि गुड स्पिरिट ही त्यातलीच. आज त्यांचे चार प्रकार आहेत: करमणुकीची, निसर्गाची, ऐतिहासिक आणि संपूर्ण रानटी. प्रकार बघून जा. पहिल्या प्रकारात वाळूचा किनारा, वीज आणि गरम पाण्याचे शॉवर मिळतात. शेवटच्या प्रकारात रस्ताही नसतो.

आणि उद्यानांच्या मधली जमीन? ती बहुतेक कोणाच्या तरी मालकीची किंवा भाडेपट्ट्यावरची असते. गावाकडे आपण बांधाबांधानं कुणाच्याही शेतातून जातो, कोणी काही म्हणत नाही. इथे १ जानेवारी २०२२ पासून कायदाच असा आहे की ग्रामीण खासगी जमिनीवर पाय ठेवण्याआधी मालकाची परवानगी घ्यायची. कुंपण नाही, पाटी नाही, म्हणजे वाट मोकळी असा अर्थ काढू नका. पिवळ्याधमक कनोलाच्या (मोहरीच्या कुळातलं तेलबियांचं पीक) शेतात शिरून काढलेले फोटो सगळेच टाकतात, पण शेतकऱ्याला त्याचा राग येतो आणि तो रास्त आहे: तुडवलेलं पीक जातं ते जातंच, शिवाय बुटांना चिकटून पिकाचे रोग एका शेतातून दुसऱ्यात जातात. रस्त्यावर उभं राहूनही फोटो चांगला येतो.

२. परमिट

प्रांतिक उद्यानाचं प्रवेश परमिट गाडीचं असतं, माणसांचं नव्हे. सात जणांची मिनीव्हॅन आणि एकटा माणूस, दोघांना तेवढेच पैसे. एका दिवसाचं, काही दिवसांचं, आठवड्याचं आणि वर्षाचं असे पर्याय आहेत. दर दरवर्षी बदलतात, ते अधिकृत संकेतस्थळावर बघून घ्या. माझं मत विचाराल तर रिजायना किंवा सास्काटूनला राहणाऱ्यानं सरळ वार्षिक घ्यावं. पैसे वाचतात हे आहेच, पण त्याहून मोठा फायदा असा की शनिवारी दुपारी तीनला अचानक निघावंसं वाटलं तरी निघता येतं.

कॅम्पिंगचे पैसे वेगळे. नुसतं दिवसभर जाऊन यायला मात्र आगाऊ बुकिंग लागत नाही.

३. रात्रीचं बुकिंग: एप्रिलची सकाळ

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यातल्या लाँग वीकेंडपासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत हंगाम. त्याचं ऑनलाइन बुकिंग वसंतात उघडतं, साधारण एप्रिलमध्ये, आणि सगळ्या उद्यानांचं एकाच दिवशी नाही. गट पाडून वेगवेगळ्या तारखांना. तारखा आधी जाहीर होतात. त्या सकाळी संकेतस्थळ तुम्हाला आभासी रांगेत उभं करतं. खातं आधीच उघडून ठेवा, कार्डाची माहिती हाताशी ठेवा, आणि एकाच साइटवर मन अडकवू नका, तीन-चार नंबर लिहून ठेवा. जुलै-ऑगस्टचे शनिवार-रविवार आणि वीज असलेल्या जागा पहिल्याच फटक्यात जातात.

ज्यांना हे जमलं नाही त्यांनी हताश होऊ नये. मंगळवार-बुधवार रिकामे असतात. लोक बुकिंग रद्द करत राहतात, म्हणून गुरुवारी संध्याकाळी पुन्हा एकदा डोकावा. आणि जूनचा पहिला पंधरवडा कोणी फारसा घेत नाही, कारण शाळा सुरू असतात. लहान मुलं शाळेत जायची नसतील तर तुमच्यासाठी तोच उत्तम काळ: गवत हिरवं, पक्षी गात असलेले, तलाव मात्र बर्फासारखे गार.

तंबूच नाही तर? काही उद्यानांत 'कॅम्प-इझी' नावाची सोय आहे. जाड कापडाचा तंबू आधीच उभारलेला असतो, झोपायची आणि स्वयंपाकाची सोय तयार असते. आपण अंथरूण-पांघरूण आणि शिधा न्यायचा. पहिल्या रात्रीसाठी मी तेच सांगतो. कॅम्पिंग आवडतं की नाही हे ठरण्याआधी सामानावर पाचशे डॉलर घालवण्यात अर्थ नाही.

४. पहिला दिवस: बफेलो पाउंड

रिजायनाकरांनी इथून सुरुवात करावी. गाडीनं तासाभराचा रस्ता. आणि हा रस्ताच धड्याचा पहिला भाग आहे. शहराभोवतीची जमीन पाटासारखी सपाट का, तर हिमयुगाच्या शेवटी इथे वितळलेल्या बर्फाचं मोठं सरोवर होतं, त्याच्या तळाशी बसलेला हा गाळ. कोरडा असेल तर भेगाळतो. पाऊस पडला की विदर्भातल्या काळ्या मातीसारखा चाकांना लगदून गाडी जागीच धरून ठेवतो. इथले लोक त्याला 'गंबो' म्हणतात. नकाशावर जवळचा वाटणारा कच्चा ग्रिड रोड पावसानंतर घेऊ नका, गूगलनं कितीही आग्रह केला तरी.

मग अचानक जमीन खाली जाते. क्वापेलची दरी समोर येईपर्यंत तिचा पत्ता नसतो. एवढ्या रुंद दरीत नदी मात्र ओढ्याएवढी, कारण दरी तिनं खोदलेलीच नाही. ती हिमनदीच्या वितळलेल्या पाण्याच्या लोंढ्यानं कोरली, ही नदी नंतर येऊन राहिली. वरच्या कठड्यावर गाडी थांबवून दोन्ही उतार नीट बघा. उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारावर झाडी आहे, कारण तिथे ऊन कमी आणि ओल टिकते. समोरचा, दक्षिणेकडे तोंड करून दिवसभर भाजणारा उतार नुसत्या गवताचा. एकाच पावसाची दोन रानं. हे एकदा दिसलं की पुढे कुठल्याही 'कूली'त, म्हणजे इथल्या घळीत, आपोआप दिसत राहतं.

उद्यानात बायसनचा, म्हणजे इथल्या रानगव्यांचा, एक कळप मोठ्या कुंपणात राखलेला आहे. लहान मुलांना घेऊन बायसन सुरक्षितपणे बघायचा असेल तर हीच जागा. नंतर निकोल फ्लॅट्सला जा: पाणथळीवरून फळ्यांची वाट आहे, लाल खांद्याचे काळे पक्षी पाणकणसावर बसून ओरडत असतात, आणि एका जुन्या वसाहतवाल्याचं दगडी घर आहे. तलावाचं पाणी रिजायना आणि मूस जॉ या दोन्ही शहरांच्या नळाला येतं, हे मुलांना सांगा. त्यांना मजा वाटते.

सास्काटूनकरांना हाच पहिला दिवस पाइक लेकला घालता येईल, अर्ध्या तासावर. मात्र शहराच्या उत्तरेला असलेलं वनुस्केविन चुकवू नका. ते प्रांतिक उद्यान नाही, मूलनिवासींच्या वारशाचं स्थळ आहे. तिथे २०१९ साली बायसन परत आणले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या खुरांनी उकरलेल्या मातीतून जुनी दगडावरची कोरीव चिन्हं वर आली. बायसननं पुरातत्त्वाचं काम केल्याचं उदाहरण दुसरीकडे मिळणं कठीण.

५. पहिली रात्र: सायप्रस हिल्स

रिजायनाहून मेपल क्रीक चारेक तास, तिथून दक्षिणेला अर्धा तास. सपाट माळावर हा टेकड्यांचा पट्टा सुमारे ६०० मीटर उंच उठतो, प्रांतातली सगळ्यात उंच जमीन इथेच आहे. शेवटच्या हिमयुगात बर्फाच्या थरानं सगळा परिसर झाकला, हा माथा मात्र वर राहिला. म्हणून रॉकी पर्वतातले लॉजपोल पाइन, आणि तिकडचीच काही फुलं, माळाच्या मधोमध भेटतात. १९८९ पासून अल्बर्टा आणि सास्काचेवान मिळून हे उद्यान सांभाळतात, देशातलं अशा प्रकारचं पहिलं.

सेंटर ब्लॉकमध्ये राहा. दुकान, तलाव, केबिन, हॉटेल सगळं तिथे आहे. वेस्ट ब्लॉक वेगळा तुकडा. नकाशावर दोघांना जोडणारा गॅप रोड दिसेल, पण तो फक्त कोरड्या हवेतच. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर मेपल क्रीकवरून वळसा घालून जा. वेस्ट ब्लॉकमध्ये फोर्ट वॉल्श आहे, उत्तर-पश्चिम घोडदळ पोलिसांनी १८७५ मध्ये बांधलेला. त्याच्या दोन वर्षं आधी याच टेकड्यांत व्हिस्कीचे व्यापारी आणि लांडगे मारणाऱ्यांच्या टोळीनं नाकोडा या मूलनिवासी लोकांच्या तळावर हल्ला करून कत्तल केली होती. ती हकीकत तिथे सांगितली जाते. सुट्टीच्या मूडमध्ये असलात तरी ऐका.

इथलं आकाश २००४ पासून अंधारासाठी राखीव आहे. पण तारे बघायला जूनमध्ये जाऊ नका: सूर्यच नऊच्या पुढे मावळतो आणि अकरापर्यंत पश्चिम उजळ राहते, मुलं तोवर झोपलेली. ऑगस्ट बरा. १२ तारखेच्या आसपास उल्कावर्षावही असतो.

सामानाचं थोडक्यात: जुलैतही रात्री स्वेटर आणि कानटोपी लागते. वारा जोरात सुटतो, तंबूच्या सगळ्या खुंट्या मारा. शेकोटीसाठी लाकूड तिथलंच घ्या, घरून नेऊ नका; एल्म झाडाचं लाकूड नेणं-साठवणं तर झाडांच्या रोगामुळे कायद्यानंच बंद आहे. उन्हाळा कोरडा असेल तर शेकोटीवर बंदी येते. गॅसच्या शेगडीला बहुधा मुभा असते, तरी फाटकावरची पाटी वाचा. म्हणून नुसत्या कोळशावरच्या वांग्याच्या बेतावर अवलंबून राहू नका. भाजणी, तिखट-मीठ आणि तवा एवढ्यावर थालीपीठं होतात, शेजारच्या साइटवरचे लोक वासानं चौकशीला येतात. जेवण झालं की सगळं गाडीत. डबे, कचरा, टूथपेस्टसुद्धा. या टेकड्यांत प्यूमा (मोठी रानमांजरं) आहेत. लहान मुलांना संध्याकाळी पुढे धावू देऊ नका.

६. खरं माळरान: ग्रासलँड्स

हे प्रांतिक नव्हे, राष्ट्रीय उद्यान. पण प्रेअरी म्हणजे काय ते इथे आल्याशिवाय कळत नाही, म्हणून या लेखात त्याला जागा आहे. वाल मरी हे पश्चिम भागाचं गाव, अमेरिकेच्या सीमेजवळ. पेट्रोल वाटेतल्या स्विफ्ट करंट शहरात भरा. पाणी घरून न्या, माणशी तीन-चार लिटर तरी. आत सावली जवळजवळ नाही. फोनला रेंज मिळेलच असं धरून चालू नका; कुठे जातोय, कधी परतणार हे घरी कुणाला तरी सांगून ठेवा.

गाडीरस्ता फ्रेंचमन नदीच्या दरीतून जातो. पहिला थांबा प्रेअरी डॉगच्या वसाहतीपाशी घ्या. काळ्या शेपटीचे हे खारीच्या कुळातले प्राणी कॅनडात फक्त इथेच आणि आसपास रानात आहेत. गाडीचं इंजिन बंद करा आणि दहा मिनिटं हलू नका. आधी सगळे बिळात. मग एक डोकं वर येतं. मग तो मागच्या पायांवर उभा राहतो, पुढचे हात वर फेकतो, अंग इतकं मागे वाकवतो की कधी कधी तोल जाऊन पडतो, आणि बारीक किंचाळतो. शेजारचा तेच करतो, त्याच्या पलीकडचा तेच, आणि ती लाट सगळ्या वस्तीभर फिरते. खायला घालू नका, हात लावू नका. चावतात आणि पिसवांतून रोग येऊ शकतो.

२००५ साली इथे बायसन परत आले. इथे कुंपण तुमच्या आणि त्यांच्या मध्ये नसतं, तुम्ही त्यांच्याच कुंपणात असता. किमान १०० मीटर अंतर ठेवा. वाटेवर उभा असेल तर वाट त्याची. थांबा किंवा परत फिरा. शेपूट वर झाली तर उशीर झालाय. कळप नाही दिसला तर निराश होऊ नका, त्यांच्या पूर्वजांची खूण बघा: हिमनदीनं आणून टाकलेले मोठे ग्रॅनाइटचे धोंडे. शेकडो वर्षं बायसननं पाठ घासून त्यांचे कोपरे काचेसारखे गुळगुळीत केलेत आणि भोवती खुरांनी गोल खळगा पाडलाय. तळहात फिरवून बघा. मात्र गवतात गोलाकार मांडलेले छोटे दगड दिसले तर तिथला एकही दगड हलवू नका. ती टिपीची, म्हणजे मूलनिवासींच्या तंबूंची, वर्तुळं आहेत.

पायांत घोट्याच्या वर येणारे बूट हवेत, दोन कारणांनी. एक, रॅटलस्नेक. तो अंगावर धावून येत नाही, पण दगडाखाली न बघता हात घालू नका. दुसरं, फड्या निवडुंग! हो, उणे चाळीस सोसणारा निवडुंग, गवतात लपलेला, जून-जुलैत पिवळ्या फुलांचा. आपल्याकडच्या माळावरचा फड्याही अमेरिका खंडांतूनच आलेला, त्यामुळे हे कुळ इकडचं मूळ रहिवासी आणि आपल्याकडचं पाहुणं. काटा चपलेतून आरपार जातो.

७. किडे, पाणी, मासे

एप्रिलपासून जुलैपर्यंत गोचीड. गवतातून आलं की मुलांचं डोकं, कानामागे, कंबर तपासायची. इथली नेहमीची गोचीड लाइम रोग पसरवत नाही, पण किळस तीच. चिमट्यानं त्वचेलगत धरून सरळ ओढा. काडी, रॉकेल असले प्रयोग नकोत. डास जून-जुलैत, पाणथळीपाशी ढगानं.

उन्हाळा सरताना क्वापेलच्या तलावांत निळं-हिरवं शेवाळ येतं. पाणी वाटाण्याच्या सूपासारखं दिसलं की पोहू नका, कुत्र्यालाही पाजू नका. मासेमारीला १६ वर्षं आणि त्याहून मोठ्यांना परवाना लागतो आणि गळाला उलटा काटा चालत नाही. राष्ट्रीय उद्यानात परवाना निराळा. होडी किंवा कयाक दुसऱ्या पाण्यातून आणली असेल तर धुऊन, पाणी काढून, वाळवून आणा. झीब्रा शिंपल्यांच्या भीतीनं रस्त्यावर तपासणी नाके असतात आणि तिथे थांबावंच लागतं.

८. उत्तर

प्रिन्स अल्बर्ट शहराच्या पुढे माळ संपतो, स्प्रूसचं जंगल सुरू होतं. वास्कसू, कँडल लेक, लाक ला रॉन्ज. इथे काळी अस्वलं आहेत, म्हणून जेवणाची शिस्त दुप्पट. निघण्याआधी वणव्यांची स्थिती बघा आणि फोनवर सास्कअलर्ट, म्हणजे प्रांताच्या आणीबाणीच्या सूचना, घ्या. २०२५ च्या मे अखेरीस वणव्यांमुळे प्रांतभर आणीबाणी जाहीर करावी लागली होती, तेव्हा हे नुसतं औपचारिक सांगणं नाही. अगदी टोकाला, अथाबास्का सरोवराच्या दक्षिण काठावर, शंभरेक किलोमीटर पसरलेल्या वाळूच्या टेकड्या आहेत, १९९२ पासून रानटी उद्यान. रस्ता नाही, पाण्यावर उतरणारं विमान किंवा बोट. पहिल्या वर्षी तो विषय काढायचाच नाही.

९. गर्दी गेल्यावर

लेबर डेनंतर, म्हणजे सप्टेंबरचा पहिला सोमवार सरला की, नळ आणि शॉवर हळूहळू बंद होतात, किडे जातात, अॅस्पेन सोनेरी होतात. सप्टेंबर अखेरीला लास्ट माउंटन लेकच्या उत्तर टोकाला जा. १८८७ साली राखून ठेवलेलं हे या खंडातलं सगळ्यात जुनं पक्षी अभयारण्य. सँडहिल क्रौंच हजारोंच्या संख्येनं दक्षिणेला जाताना इथे थांबतात. पहाटे पोचलात तर ते रात्रीच्या मुक्कामाहून उठून शेतांकडे निघालेले दिसतात. या दिवसांत शिकारीचा हंगामही असतो, काही प्रांतिक उद्यानांतसुद्धा. भडक नारिंगी जाकीट घाला, कुत्र्यालाही.

हिवाळ्यात स्कीच्या वाटा, बर्फातले युर्ट (गोल तंबू), गोठलेल्या तलावावरची मासेमारी. तलावावर चालण्याआधी बर्फ निदान १० सेंटीमीटर जाड हवा, मोटार न्यायची तर ३०. वाहत्या पाण्याशेजारी आणि बर्फाला तडे गेलेल्या जागी हे आकडे धरू नका.